श्रीखंडाची कुळकथा

आश्विन शुद्ध दशमीच्या दिवशी सोने लुटण्याआधी महाराष्ट्रातील बहुतेक सुस्थित घरांच्या पानांत जे पक्वान्न वाढले जाते, त्याची कीर्ती मोठी असली तरी त्याच्या कुळाची चौकशी क्वचितच कोणी करतो. पुरणपोळी ही आपली, मोदक आपले, तसे श्रीखंडही आपलेच, आणि ते आजोबा-पणजोबांच्या काळापासून घरोघर होत आले आहे, असे गृहीत धरून पुरीचा तुकडा त्यात बुडविला जातो. ह्या समजुतीचा पहिला भाग बराचसा खरा आहे. दुसरा मात्र तपासून पाहण्याजोगा आहे. कारण घरोघर होणारे श्रीखंड आणि ग्रंथांत वर्णिलेले श्रीखंड ह्यांच्या वयांत हजाराहून अधिक वर्षांचे अंतर आहे.

प्रथम नावाचा विचार करावा. संस्कृतात 'श्रीखंड' म्हणजे चंदन. दह्याच्या पक्वान्नाला ते नाव कसे मिळाले, ह्याविषयी विद्वानांत एकमत नाही. केशराने आलेली चंदनाच्या उटीसारखी पिवळसर छटा आणि तसाच मऊपणा ह्यांमुळे ते मिळाले, असे कोणी म्हणतात. 'शिखरिणी' ह्या जुन्या नावाचेच ते रूपांतर होय, असे दुसरे म्हणतात. दुसऱ्या पक्षाच्या बाजूने एक पुरावा आपल्या स्वयंपाकघरातच बसलेला आहे. केळी कुस्करून दूध-साखरेत घातली की जे होते, त्याला मराठीत 'शिकरण' म्हणतात, आणि हा शब्द 'शिखरिणी'पासून आला आहे. म्हणजे जे नाव एके काळी राजाच्या पानातील सुगंधी दह्याला होते, ते झिजत झिजत मुलांना घाईच्या वेळी पोळीबरोबर देण्याच्या पदार्थाला येऊन चिकटले. शब्दांच्या नशिबी असे चढउतार असतातच. सतरा अक्षरांचे शिखरिणी वृत्त मात्र आपले मूळ नाव अद्याप राखून आहे.

शिखरिणीचे आणखी जुने नाव 'रसाला'. अमरकोशाच्या दुसऱ्या कांडात दुधादह्याच्या पदार्थांची नावे येतात, तेथे रसालेला 'मार्जिता' हा पर्याय दिला आहे. मार्जिता म्हणजे घासलेली, घासून शुद्ध केलेली. कोशकाराने कृती सांगितली नाही, पण नावातच ती सांगून टाकली. कारण हा पदार्थ फडक्यावर घासून गाळल्याखेरीज होत नाही, हे आजही प्रत्येक गृहिणी जाणते. चरक आणि सुश्रुत ह्या दोन्ही संहितांत रसाला आली आहे, आणि ती शरीर पुष्ट करणारी, बल देणारी, स्निग्ध आणि रुची उत्पन्न करणारी अशी वाखाणली आहे.

परंतु त्याच चरकाने दुसरीकडे एक इशारा देऊन ठेवला आहे, आणि तो सणाच्या दिवशी कोणाला आठवत नाही हेच बरे. शरद, ग्रीष्म आणि वसंत ह्या तीन ऋतूंत दही सामान्यतः निंद्य होय, असे तो सांगतो. आता पाहावे: महाराष्ट्रात श्रीखंडाचे हमखास असे दोन दिवस, एक गुढीपाडवा आणि दुसरा दसरा. पहिला वसंतात, दुसरा शरदात. वैद्यांनी जे ऋतू वर्ज्य सांगितले, नेमके तेच लोकांनी निवडले! ह्यात शास्त्राची अवज्ञा आहे असे वरवर वाटते. पण संहितेतच तोडही आहे. दही रात्री खाऊ नये. तसेच तूप, साखर, मुगाचे कढण, मध किंवा आवळा ह्यांपैकी कशाची तरी जोड दिल्यावाचून खाऊ नये, असे तेथे म्हटले आहे. श्रीखंडात साखर भरपूर आहे, पुरी तुपात तळलेली आहे आणि जेवण दुपारचे आहे. जुन्या घरांतून दसऱ्याचे श्रीखंड दुपारी होई आणि रात्री त्याला हात लावू देत नसत, ह्याचे कारण विचारले तर 'बाधते' एवढेच उत्तर मिळे. त्या एका शब्दामागे कदाचित वैद्यकाचा हा जुना वारसा असेल. कोजागरीच्या रात्रीच्या मेळाव्यात मात्र दह्याचा पदार्थ न करता आटीव दूध करतात, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

कृतीची स्पष्ट हकीकत हवी असेल तर सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या 'भावप्रकाशा'कडे वळावे लागते. तेथील श्लोकाचा आशय असा. म्हशीचे आंबट आणि पाणी काढून टाकलेले दही एक आढक घ्यावे. शुभ्र साखर दोन प्रस्थ घ्यावी. चार प्रस्थांचा एक आढक होतो, तेव्हा साखर दह्याच्या निम्मी झाली. स्वच्छ वस्त्रावर हे दोन्ही थोडे थोडे टाकीत जावे, वरून दूध घालावे, आणि नव्या मातीच्या भांड्यात जोराने गाळून घ्यावे. मग वेलदोडे, लवंग, कापूर आणि मिरे योग्य प्रमाणात मिसळावे. ही रसाला भोजनप्रिय भीमाने स्वतः तयार केली आणि श्रीकृष्णाने ती पुन्हा पुन्हा आवडीने चाखली, अशी आख्यायिकाही ग्रंथकाराने जोडून दिली आहे. भीम विराटाघरी आचारी होताच. तेव्हा एखाद्या चांगल्या पदार्थाचे श्रेय त्याला देणे ही जुन्या पाकशास्त्रकारांची सवयच होती. तिला इतिहास मानण्याचे कारण नाही.

ह्या कृतीकडे बारकाईने पाहिले म्हणजे दोन गोष्टी दिसतात. म्हशीचे दही, पाणी निथळणे, साखर, वस्त्रावर घासणे, वेलदोडे: हा सारा सांगाडा आजच्या श्रीखंडाचाच आहे. पण त्यात दूध घातले आहे, साखर कमी आहे, आणि मिरे-लवंगांचा तिखट वास आहे. म्हणजे ती रसाला बरीच पातळ असली पाहिजे, वाटीने प्यावी किंवा बोटाने चाटावी अशी. पुरीला लावून खाण्याजोगा, पळीतून न सांडणारा घट्ट गोळा हे तिचे नंतरचे रूप होय. दुधाला फाटा मिळाला, मिरे-कापूर गेले, केशर आणि जायफळ आले, आणि साखर वाढत वाढत चक्क्याच्या बरोबरीला पोहोचली. ही साखर कोठून वाढली, ह्या प्रश्नाकडे पुढे यावयाचे आहे. कारण श्रीखंडाच्या इतिहासाची खरी किल्ली तेथे आहे.

तत्पूर्वी राजवाड्यांचा उल्लेख केला पाहिजे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' रचला. पाच विंशती आणि शंभर अध्याय असलेल्या ह्या ग्रंथात राजाने राज्य कसे मिळवावे येथपासून तो त्याने काय खावे येथपर्यंत सर्व काही आहे. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात दुधादह्याच्या पदार्थांनाही जागा मिळाली आहे. ह्या राजाची कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. तेव्हा हा राजा कन्नडिगांचा जितका, तितकाच दक्षिण महाराष्ट्राचाही होता. हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्री. गो. कृ. श्रीगोंदेकर ह्यांनी संपादून प्रसिद्ध केला. पहिला खंड १९२५ साली आणि दुसरा १९३९ साली निघाला. बडोद्याचे हे नाव श्रोत्यांनी लक्षात ठेवावे; त्या शहराचा श्रीखंडाशी पुढे आणखी एकदा संबंध यावयाचा आहे.

मराठ्यांचे राज्य तंजावरास गेले तेव्हा पाकशास्त्रही तेथे गेले. व्यंकोजीराजांची राणी दीपाबाई हिच्या आश्रयास असलेल्या रघुनाथ पंडित नवहस्ते ह्याने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ रचून अन्नाच्या गुणदोषांविषयीची पूर्वसूरींची मते एकत्र केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे ह्यांनी ह्या ग्रंथकाराचा काळ आणि आश्रय ह्यांवर परिश्रमपूर्वक प्रकाश पाडला. स्वयंपाकाचे शास्त्र लिहून ठेवण्यात मराठी मंडळी मागे नव्हती, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते.

परंतु हे सारे ग्रंथ राजे, राण्या आणि त्यांच्या आश्रितांचे आहेत. त्या काळच्या सामान्य कुणब्याच्या, कारूच्या, नव्हे गरीब भिक्षुकाच्याही घरी दसऱ्याला श्रीखंड होत होते काय? ह्या प्रश्नाला उत्साहाच्या भरात 'हो' म्हणण्याचा मोह टाळला पाहिजे. दही बहुतेकांच्या घरी होते. म्हैस नसली तरी शेजाऱ्याची होती. अडचण साखरेची होती. आपल्याकडे ऊस पिके, पण त्याचा गूळ होई. गुळाने पुरणपोळी होते, लाडू होतात, खीर होते. श्रीखंड मात्र होत नाही. गूळ मिसळला की चक्क्याचा रंग काळवंडतो, पोत सैल पडतो, आणि दह्याची आंबट चव गुळाच्या उग्र चवीशी भांडू लागते. श्रीखंडाला पांढरी साखरच हवी, आणि तीही चिमूटभर नव्हे, शेराला शेर. पांढरी साखर ही तर दुरून येणारी, तोलून-मापून विकली जाणारी, औषधाला आणि देवाच्या नैवेद्याला जपून ठेवण्याची वस्तू. तिची नावेच पाहावीत. हिंदीत साखरेला 'चीनी' म्हणतात. ते चीन देशाचे नाव आहे. आपल्या वाण्याकडची जुनी 'मोरस' साखर म्हणजे मॉरिशस बेटाची साखर. एकोणिसाव्या शतकात जहाजांनी ती मुंबईस येऊ लागली, तेव्हा कोठे शहरांतील नोकरदार घरांना ती परवडू लागली. पुढे जावा बेटाची साखर आली. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते ह्यांचे 'सूपशास्त्र' छापून निघाले, आणि १९१० च्या सुमारास लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' आले. छापील पाकपुस्तकांचा हा काळ आणि बंदरात उतरणाऱ्या साखरेचा काळ एकच असावा, हा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही.

ह्या परदेशी साखरेवर आक्षेपही पुष्कळ होते. कारखान्यात ती हाडांच्या कोळशातून गाळून शुभ्र करतात, हे समजल्यावर सोवळ्याओवळ्याच्या घरांत मोठी खळबळ उडाली. १९०५ नंतर स्वदेशीच्या चळवळीने त्या आक्षेपाला राजकीय धार आणली. परदेशी कापडाबरोबर परदेशी साखरेवरही बहिष्कार पुकारला गेला. मळकट देशी साखर घेऊन व्रत पाळावे की शुभ्र साखर घेऊन सण साजरा करावा, हा पेच पुरणपोळी करणाऱ्या घरात पडत नव्हता. श्रीखंड करणाऱ्या घरातच पडत होता. एका पक्वान्नाची ही कसोटी क्षुल्लक वाटेल, पण देशप्रेमाची खरी परीक्षा पुष्कळदा अशा क्षुल्लक जागीच होत असते.

पेच सोडविला तो कायद्याने आणि कालव्यांनी. १९३२ साली साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला, आयात साखरेवर जबर जकात बसली, आणि देशात कारखाने भराभर उभे राहिले. दख्खनमध्येही सोलापूर जिल्ह्यात माळीनगर, पुणे जिल्ह्यात वालचंदनगर असे कारखाने लवकरच सुरू झाले. मधल्या महायुद्धाने पुन्हा विघ्न आणले. १९४३ साली मुंबईत रेशनिंग आले आणि धान्याबरोबर साखरही मोजून मिळू लागली; ज्या पक्वान्नाला शेराला शेर साखर लागते, त्याची त्या वर्षांत काय अवस्था झाली असेल हे सांगावयास नको. त्यानंतर १९५० साली आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील ह्यांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या मार्गदर्शनाखाली शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. ज्याच्या शेतात ऊस होता पण ज्याच्या डब्यात साखर नव्हती, त्याच्या घरी सणासुदीला श्रीखंड जाण्याची वाट खऱ्या अर्थाने तेथून मोकळी झाली. त्याच सुमारास दुधाचीही व्यवस्था लागत होती: आणंदचा दूध उत्पादक संघ १९४६ साली नोंदला गेला, मुंबईत आरे वसाहत १९४९ साली उभी राहिली, आणि १९७० पासून दुधाचा महापूर योजना सुरू झाली. तेव्हा सर्वसामान्य मराठी घरातील श्रीखंडाचे वय मोजावयाचे तर ते हजार वर्षे नव्हे, शंभराच्या आतबाहेर भरेल. त्यात कमीपणा काही नाही. उलट, जे मूठभरांचे होते ते अनेकांचे झाले, ही हकीकत भीमाच्या आख्यायिकेपेक्षा अधिक अभिमानाची आहे.

आता कृतीविषयी. ज्यांना चुलीपाशी फार वेळ बसणे नको असते, त्यांच्यासाठी ह्याहून सोयीचे पक्वान्न मिळणे कठीण. कारण येथे विस्तवाचे काम दूध तापविण्यापुरते आणि पुऱ्या तळण्यापुरते. बाकी सारे काम वेळ करतो. म्हशीचे दूध चांगले तापवून, कोमट झाल्यावर त्याला विरजण लावावे. म्हशीच्या दुधात स्निग्धांश शेकडा सहा-सात असतो, गाईच्या दुधात चारच्या आसपास; म्हणून म्हशीच्या दह्याचा चक्का अधिक आणि अधिक मऊ पडतो. दही घट्ट लागले की धुतलेल्या पातळ पंचात ते बांधून खुंटीला टांगावे आणि खाली पातेले ठेवावे. आठ-दहा तासांत पाणी निथळते. दसऱ्याच्या दिवसांत पाऊस सरून ऊन तापू लागलेले असते, ही गोष्ट येथे विसरता कामा नये. त्या उकाड्यात दही फार वेळ टांगले तर आंबून जाते, म्हणून पुरचुंडी घरातील गार जागी बांधतात आणि पहाटेच ती सोडतात. एक लिटर दुधामागे सुमारे तीन-चारशे ग्रॅम चक्का हाती येतो.

चक्क्याच्या वजनाइतकी साखर त्यात कालवून ते मिश्रण तास-दोन तास झाकून ठेवावे. ही विश्रांती महत्त्वाची आहे. साखर चक्क्यातील उरलेले पाणी ओढून घेऊन विरघळते, आणि तोवर न थांबता घाईने गाळणाऱ्याच्या श्रीखंडात कण दातांखाली येतात. मिश्रण प्रथम सैल झाल्यासारखे वाटते; त्याने घाबरून जाऊ नये. मग पातेल्याच्या तोंडावर फडके बांधून त्यावर ते हाताने घासावे, किंवा पुरणयंत्रातून काढावे. कोमट दुधात खललेले केशर, वेलदोड्याची पूड, किंचित जायफळ, वरून चारोळी. भांडे मातीचे, दगडी किंवा कल्हईचे असावे. कल्हई उडालेल्या पितळेत दही कळकते, आणि असे कळकलेले श्रीखंड पंगतीच्या पंगती आजारी पाडू शकते. खाली जमलेले पाणी बहुतेक घरांत मोरीत जाते. जुन्या बायका त्यातच पुऱ्यांची कणीक भिजवीत किंवा त्याची कढी करीत, आणि ते योग्यच होते. दुधातील पुष्कळ सत्त्व त्या पाण्यात उतरलेले असते.

इतकी साखर घालण्याला चवीपलीकडे दुसरेही कारण आहे. साखरेने पाणी बांधले जाते आणि आंबविणाऱ्या जंतूंना वाढण्यास लागणारे मोकळे पाणी उरत नाही. त्यामुळे नुसता चक्का दुसऱ्या दिवशी आंबट होतो, तर श्रीखंड थंड जागी बरेच दिवस टिकते. प्रवासाला, फराळाला, मुलीच्या सासरी पाठविण्याला ते सोयीचे ठरले ते ह्यामुळेच. अन्नसुरक्षेचे आजचे नियमही हेच प्रमाण आकड्यांत बांधतात. श्रीखंडात एकूण घनद्रव्य शेकडा ५८ पेक्षा कमी नसावे. त्या घनद्रव्यात दुधाचा स्निग्धांश निदान ८.५, प्रथिन निदान ९, आणि साखर फार तर ७२.५ टक्के असावी. गंमत अशी की चक्क्यात एक तृतीयांश घनभाग धरला आणि जुन्या रिवाजाप्रमाणे समभाग साखर घातली, तर साखरेचे प्रमाण घनद्रव्याच्या शेकडा ७५ होते. म्हणजे आजीचे श्रीखंड दुकानात विकावयास ठेवले असते, तर निरीक्षकाला त्यावर शेरा मारावा लागला असता!

श्रीखंड दुकानात गेले कसे, ही ह्या कथेतील शेवटची आणि सर्वांत अलीकडची घडामोड. गुजरातेतही हा पदार्थ मराठी मुलखाइतकाच आवडीचा आहे. तेथे त्याच्या पातळसर भावंडाला मठो म्हणतात. ह्या दोन प्रांतांत श्रीखंड मूळचे कोणाचे ह्यावर जो वाद चालतो, त्याचा निकाल लागण्यासारखा नाही. चालुक्यांच्या काळी आजच्या सीमा नव्हत्या आणि पुढे बडोद्याच्या गायकवाडांनी दोन्ही स्वयंपाकघरे एकाच वाड्यात आणून ठेवली. त्याच बडोद्यातील जिल्हा दूध संघाच्या सुगम डेअरीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात श्रीखंड यंत्राने करण्याचे तंत्र बसविण्यात आले. युरोपात पनीरासारखा मऊ पदार्थ करण्यासाठी दही वेगाने फिरवून त्यातील पाणी बाजूला काढणारे यंत्र वापरीत, तेच येथे चक्क्याला लावले. खुंटीवरचे आठ-दहा तासांचे काम काही मिनिटांत होऊ लागले, हाताचा स्पर्श टळला, आणि डब्यात भरलेले श्रीखंड वर्षभर कोणत्याही दिवशी मिळू लागले.

खुंटीवरची पुरचुंडी ह्यामुळे अजून नाहीशी झालेली नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पुण्या-मुंबईच्या डेअऱ्यांपुढे ज्या रांगा लागतात, त्यांत तयार डबा घेणाऱ्यांच्या बरोबरीने नुसता चक्का मागणारेही असतात. दही लावणे आणि टांगणे त्यांनी सोडून दिले आहे. साखर मात्र ते घरी तोलतात, आणि फडक्यावर घासण्यासाठी घरातल्या लहान मुलांना अजूनही बोलावले जाते.